विंडोज नव्याने टाकल्यावर डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि माझ्या विणी परत कशा मिळवायच्या?

आडवा_धागा:

नमस्कार. मी सोलापुरात टॉवेल आणि चादरींची डिझाइनं करते. घर भवानी पेठेत, आणि ज्यांच्यासाठी काम करते ते कारखाने बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ११ वर्षं एकाच कॉम्प्युटरवर काम चाललंय. असेंबल केलेला आहे, चौथ्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १०.

गेल्या शुक्रवारी सकाळी चालू केला तर निळी स्क्रीन. बंद करून पुन्हा लावला तरी तेच. दुकानात नेला. संध्याकाळी फोन आला, "ताई, विंडोज नवीन टाकलंय, फॉरमॅट मारला नाही, डेटा सगळा तसाच आहे." घरी आणून लावला तर डेस्कटॉप कोरा. डी ड्राइव्हमधल्या डिझाइनच्या बीएमपी फायली आहेत, त्या आधी बघून घेतल्या. पण डिझाइनचं सॉफ्टवेअर नाही, टॅली नाही, लेबलं छापायचा मराठी फॉन्ट नाही, क्रोममधले पासवर्डही नाहीत.

सी ड्राइव्हमध्ये "विंडोज डॉट ओल्ड" नावाचं ९१ जीबीचं फोल्डर दिसतंय. त्यात प्रोग्राम फाइल्स, आणि त्यात डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं जुनं फोल्डर जसंच्या तसं आहे. ते कॉपी करून नव्या प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलं आणि डबल क्लिक केलं, तर कुठलीतरी डीएलएल फाइल सापडत नाही म्हणतंय. डोंगल (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) लावलाय, पण त्याचा लाल दिवा लागत नाही.

सॉफ्टवेअरची सीडी माझ्याकडे आहे, २०१३ ची. ते पुन्हा टाकता येईल. जीव अडकलाय तो विणींमध्ये. हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टॉवेलवरचा मोर कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नुसते रंगीत चौकोन. मागाला रंग कळत नाही. ताण्याचा, म्हणजे उभा, कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, एवढंच त्याला कळतं. म्हणून प्रत्येक रंगाला एक वीण नेमून द्यावी लागते. जमिनीला एक, मोराच्या पिसाऱ्याला दुसरी, काठाला तिसरी. या विणी सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत असतात. त्या नसतील तर माझ्या बीएमपी फायली म्हणजे भिंतीवर लावायची चित्रं, विणता काही येणार नाहीत.

सॉफ्टवेअरबरोबर ६४ विणी आल्या होत्या. मी ११ वर्षांत १८७ घातल्या. त्यातल्या चाळीसेक नान्नांच्या ग्राफच्या वह्यांवरून, एकेक चौकोन मोजून. (आमच्या घरी तेलुगू बोलतात, वडिलांना नान्ना म्हणतो.) नान्ना ७६ वर्षांचे आहेत, डोळ्यांना आता ग्राफच्या रेघा दिसत नाहीत. त्यांच्या उमेदीत पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती दोरीत ओवायची आणि जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायची. एखादं डिझाइन सापडेना तर माळ्यावर चढून कार्डांचा गठ्ठा शोधायचा, सापडायचाच. माझ्या विणी कुठे ठेवल्या जातात हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही.

विंडोज डॉट ओल्डमधलं लायब्ररीचं फोल्डर उघडलं. आत बरोब्बर ६४ फायली, सगळ्यांच्या तारखा २०१३ च्या. माझी एकही नाही. पुसल्या गेल्या का? एका मालकांची रिपीट ऑर्डर आहे, ३० बाय ६० चा टॉवेल, जुन्याच डिझाइनवर. बुधवारी नमुना मागावर चढवायचाय, आणि माल गड्ड्याच्या जत्रेआधी दुकानांत पोचायला हवा. कुणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा.

दोन_जीबी_रॅम:

ताई, नेटवर डेटा रिकव्हरीची बरीच सॉफ्टवेअर्स मिळतात. एखादं उतरवून सी ड्राइव्ह पूर्ण स्कॅन करा. पुसलेल्या फायली निघतात. माझ्या पुतणीच्या लग्नाचे फोटो असेच निघाले होते.

रात्रपाळी:

ताई, वरच्या दादांनी चांगल्या मनानं सांगितलंय, पण आत्ता ते करू नका. पुसलेली फाइल डिस्कवर लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त "रिकामी" म्हणून धरली जाते. त्याच सी ड्राइव्हवर नवीन काही उतरवलं की ते नेमकं त्या जागेवर बसू शकतं. आणि माझ्या अंदाजानं तुमच्या विणी पुसल्या गेलेल्याच नाहीत. तुम्ही चुकीच्या खोलीत शोधताय.

मी इथल्याच टेक्स्टाइल युनिटमधले कॉम्प्युटर सांभाळतो. हा प्रकार चार-पाच वेळा बघितलाय.

सगळ्यात आधी हे करा: बाहेरची हार्डडिस्क जोडा आणि विंडोज डॉट ओल्ड अख्खं तिच्यावर कॉपी करा. आजच. विंडोज अपग्रेड केल्यावर हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. डिस्क क्लीनअप कुणी चालवलं तर त्याच दिवशी जातं. दुकानदारानं फॉरमॅट न मारता विंडोज टाकलं म्हणून हे फोल्डर तयार झालं, हे तुमचं नशीब. फॉरमॅट मारला असता तर खरंच रिकव्हरीवाल्याकडं जावं लागलं असतं.

आता प्रोग्राम का उघडत नाही ते. सेटअप चालवला की तो फक्त प्रोग्राम फाइल्समध्ये फोल्डर करत नाही. काही डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या जोडफायली) विंडोजच्या फोल्डरात ठेवतो, रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग्ज जिथं नोंदवतं तिथं) नोंदी करतो, डोंगलचा ड्रायव्हर बसवतो. फोल्डर उचलून आणणं म्हणजे माग उचलून दुसऱ्या शेडमध्ये ठेवण्यासारखं. माग तोच असला तरी मोटर, वायरिंग, हार्नेस पुन्हा जोडल्याशिवाय चालत नाही. म्हणून तुम्ही आणलेलं फोल्डर काढून टाका आणि सेटअप सीडीवरूनच करा. नेटवरून सुटी डीएलएल आणून टाकू नका, त्यातून व्हायरस येतात.

आता विणी. तुमचं सॉफ्टवेअर २०१३ चं, म्हणजे बहुतेक ३२ बिटचं आणि जुन्या पद्धतीनं लिहिलेलं. असे प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये, फायली लिहायला जातात. विंडोज व्हिस्टापासून साध्या प्रोग्रामला तिथं लिहायची परवानगी नाही. पण परवानगी नाकारली तर जुने प्रोग्राम बंद पडले असते, म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक वाट काढली: प्रोग्रामला वाटतं मी माझ्या फोल्डरात लिहितोय, प्रत्यक्षात विंडोज ती फाइल गुपचूप दुसरीकडं ठेवतं. वाचताना दोन्हीकडच्या एकत्र करून दाखवतं. म्हणून तुम्हाला ११ वर्षं सगळ्या एकाच यादीत दिसल्या.

त्या दुसऱ्या जागेचं नाव व्हर्च्युअलस्टोअर. वाट अशी: विंडोज डॉट ओल्ड, त्यात युजर्स, त्यात तुमचं जुनं नाव, मग अॅपडेटा, मग लोकल, मग व्हर्च्युअलस्टोअर, आणि त्यात पुन्हा प्रोग्राम फाइल्स एक्स ८६. जाऊन बघा आणि काय दिसतं ते इथं लिहा.

आडवा_धागा:

दादा, विंडोज डॉट ओल्ड कॉपी करायला लावलंय, अडीच तास दाखवतंय. तोवर बघितलं. युजर्समध्ये माझ्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं तर "तुम्हाला परवानगी नाही" असं येतंय. नाव तर तेच आहे, आत्ताही मी त्याच नावानं लॉगिन केलंय.

रात्रपाळी:

नाव तेच असलं तरी विंडोजच्या लेखी माणूस नवा आहे. प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक ओळख क्रमांक असतो आणि नव्या विंडोजनं तुम्हाला नवा क्रमांक दिलाय. त्या खिडकीत "कंटिन्यू" दाबा, थोडा वेळ हिरवी पट्टी सरकेल, मग उघडेल. अॅपडेटा दिसणार नाही, ते लपवलेलं असतं. वर "व्ह्यू" मध्ये "हिडन आयटम्स" वर टिक करा.

आडवा_धागा:

सापडल्या.

व्हर्च्युअलस्टोअर, प्रोग्राम फाइल्स एक्स ८६, सॉफ्टवेअरचं नाव, आणि त्यात लायब्ररी. तारखेप्रमाणं लावल्या. पहिली २०१४ च्या श्रावणातली, शेवटची गेल्या बुधवारची. नावं माझीच: "नान्ना ०१", "नान्ना ०२", "काठ चौकडा", "मधमाशी १६", "मालक नको म्हणाले". या शेवटच्या नावाची वीण मी विसरूनच गेले होते.

एक शंका आहे. मी १८७ म्हणाले होते, इथं २०३ फायली आहेत. जादा आलेल्या १६ ची नावं सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या ६४ मधलीच आहेत. या कुठून आल्या?

रात्रपाळी:

त्या १६ तुम्ही कधीतरी उघडून दुरुस्त करून सेव्ह केल्या असणार. मूळ फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये तशीच राहिली आणि तुमची दुरुस्त केलेली प्रत व्हर्च्युअलस्टोअरमध्ये गेली. यादीत दिसायची तुमचीच.

हे फार बरं झालं तुम्ही मोजलंत. कारण नव्या लायब्ररीत टाकताना विंडोज विचारेल, "१६ फायली आधीच आहेत, बदलू का?" लोक घाबरून "नको" म्हणतात आणि मग महिनाभरानं काठ वेगळा का येतोय म्हणून डोकं धरून बसतात. "बदला" म्हणा. मूळ ६४ हव्या असतील तर त्यांचं वेगळं फोल्डर आधी करून ठेवा.

आडवा_धागा:

होय, आठवलं. साटीनच्या विणी मी बदलल्या होत्या. सोलापुरी २० नंबरच्या सुताला कंपनीची साटीन सैल पडायची, धागा वर तरंगायचा. ते काम २०१६ चं आहे. या १६ राहिल्या असत्या तर मला कळलंसुद्धा नसतं.

जमा_नावे:

ताई, तुम्ही टॅलीचं लिहिलंय म्हणून. मी सात रस्त्याजवळ हिशेबाचं काम करतो. टॅली प्राइम असेल तर डेटा साधारणपणे युजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅली प्राइम, त्यात डेटा इथं असतो. तुमच्या बाबतीत विंडोज डॉट ओल्डमधल्या युजर्समध्ये बघा. आत आकड्यांच्या नावाचं फोल्डर म्हणजे एक कंपनी. अख्खं डेटा फोल्डर उचला, आतल्या सुट्या फायली निवडत बसू नका. आणि टॅलीला दाखवायच्या आधी त्याची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. नवीन रिलीज जुना डेटा बदलून घेते, मग तो जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही.

टॅली नव्याने टाकल्यावर एज्युकेशनल मोडमध्ये उघडेल. त्यात महिन्याच्या फक्त पहिल्या, दुसऱ्या आणि ३१ तारखेचीच नोंद करता येते. ते बघून घाबरू नका, लायसन्स गेलेलं नाही. लायसन्सच्या मेनूत "रीअॅक्टिव्हेट" आहे, तुमच्या टॅली खात्याचा ईमेल आणि पासवर्ड लागेल.

क्रोमचं मात्र वेगळं आहे. बुकमार्कची फाइल जुन्या अॅपडेटातून आणता येते. पासवर्ड नाही. ते जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीनं कुलूपबंद असतात, फाइल आणली तरी नवं खातं ती उघडू शकत नाही. क्रोममध्ये गुगल खात्यानं लॉगिन करून सिंक चालू ठेवलं होतं का? तर लॉगिन करताच सगळे परत येतील. नसेल तर जीएसटीच्या साइटवर "पासवर्ड विसरलात" दाबून नोंदणीच्या मोबाइलवर ओटीपी घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, तिथं प्रोफाइलचं फोल्डर अख्खं हलवलं की पासवर्डही बरोबर येतात.

आडवा_धागा:

धन्यवाद. सिंक चालू होतं, पासवर्ड आले. टॅलीही झाली. मराठी फॉन्ट विंडोज डॉट ओल्डमधल्या विंडोज, फॉन्ट्स इथं मिळाला, राइट क्लिक करून इन्स्टॉल केला. लेबलावर "सोलापुरी चादर" आता नीट दिसतंय, काल नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत होती.

डिझाइनचं सॉफ्टवेअर सीडीवरून टाकलं. डोंगल काढून ठेवून त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवीन घेतला, कारण सीडीवरच्या जुन्या ड्रायव्हरनं एकदा पुन्हा निळी स्क्रीन आली. नंतर डोंगल लावला. लाल दिवा लागला.

पण आता दोन अडचणी आहेत. २०३ फायली मी नव्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तशाच टाकल्या आणि सॉफ्टवेअर उघडलं, तर यादीत पुन्हा ६४. आणि मागाची मांडणी गेली आहे. जकार्डच्या १३४४ हुकांपैकी (ताण्याचे धागे उचलतात ते) काठाला कुठले, नावाच्या पट्टीला कुठले, ते मी प्रत्येक कारखान्याप्रमाणं भरून ठेवलं होतं. सात कारखान्यांचं होतं. सुताच्या रंगांची यादीही गेली. डाइंगवाल्यांच्या शेड नंबरांना जुळवून ९० रंग केले होते.

रात्रपाळी:

पहिल्याचं उत्तर मला वाटतं असं आहे. तुम्ही सॉफ्टवेअर "रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर" करून उघडताय का? दुकानवाले बरेचदा शॉर्टकटवर तीच टिक करून देतात. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की प्रोग्रामला खऱ्या फोल्डरात लिहायची परवानगी असते, म्हणून विंडोज व्हर्च्युअलस्टोअरकडं बघतच नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ती टिक काढा.

पण माझं ऐकाल तर व्हर्च्युअलस्टोअरवर पुन्हा अवलंबून राहू नका. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये लायब्ररीचा पाथ बदलता येत असेल तर डी ड्राइव्हवर "विणी" नावाचं फोल्डर करा आणि तोच पाथ द्या. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर राहील आणि बॅकअप घेताना सुटणार नाही.

दुसरं काम नाजूक आहे, सावकाश करा. हुकांची मांडणी आणि रंग बहुतेक रजिस्ट्रीत होते. तुमची जुनी रजिस्ट्री तुमच्या जुन्या युजर फोल्डरातल्या "एनटीयूजर डॉट डॅट" या एका फाइलमध्ये असते, ती विंडोज डॉट ओल्डमध्ये आहेच. हार्डडिस्कवरची प्रत वापरा, मूळ नको. रेजएडिट (रजिस्ट्री बघायचा विंडोजमधलाच प्रोग्राम) उघडा, डावीकडं "एचकी युजर्स" वर एकदा क्लिक करा, मग फाइल मेनूत "लोड हाइव्ह". ती फाइल दिसणार नाही, लपवलेली असते, नाव टाइप करा. काय नाव द्यायचं विचारेल, "जुने" असं इंग्रजी अक्षरांत द्या. आता एचकी युजर्सखाली तुमची जुनी सेटिंग्ज उघडतील. त्यात "सॉफ्टवेअर", त्याखाली तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव. फक्त त्या एका नावावर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा. अख्खं "सॉफ्टवेअर" नको, नाहीतर जुन्या विंडोजचा सगळा पसारा नव्यात येईल.

एक्स्पोर्ट झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. चौकोनी कंसातल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला "एचकी युजर्स, जुने" असेल, तिथं रिप्लेस ऑलनं "एचकी करंट युजर" करा. सेव्ह करा. मग रेजएडिटमध्ये "जुने" वर क्लिक करून फाइल मेनूतून "अनलोड हाइव्ह" करा, हे विसरू नका. सॉफ्टवेअर बंद ठेवून नोटपॅडवाली फाइल डबल क्लिक करा.

नवं_ते_घ्या:

एवढं करण्यापेक्षा विंडोज ११ का टाकत नाही? विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद केलेत.

रात्रपाळी:

तारीख बरोबर आहे. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. ताईंचा चौथ्या पिढीचा आहे. शिवाय नव्या विंडोजवरही हेच सॉफ्टवेअर, हाच डोंगल आणि याच विणी लागणार, त्या आधी हातात यायला हव्यात. डिझाइनच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून ठेवा आणि जीएसटी-बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर करा, हे मी सगळ्या युनिटना सांगतो.

आणि ताई, पुढच्या वेळेसाठी: विंडोजमध्ये विनगेट नावाचं प्रोग्राम टाकायचं साधन आहे. "विनगेट एक्स्पोर्ट" ही कमांड दिली की त्याला ओळखता येतात त्या प्रोग्रामची यादी एका फाइलमध्ये मिळते, आणि नव्या विंडोजवर "इम्पोर्ट" केलं की ते आपोआप टाकले जातात. तुमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर त्यात येणार नाही, पण बाकीचे येतील. आत्ता आणखी काय काय होतं ते आठवत नसेल तर विंडोज डॉट ओल्डमधल्या प्रोग्रामडेटात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, स्टार्ट मेनू, प्रोग्राम्स इथं बघा. जुन्या स्टार्ट मेनूचे बहुतेक शॉर्टकट तिथं आहेत, तीच तुमची यादी.

आडवा_धागा:

बुधवार रात्र. लिहायला उशीर झाला, दिवसभर कारखान्यात होते.

टिक काढली, यादीत २५१ विणी आल्या. मग लायब्ररी डी ड्राइव्हवर नेली. रजिस्ट्रीचं काम काल रात्री केलं. दादा, तुमचं उत्तर कागदावर लिहून घेतलं होतं, एकेक ओळ झाली की खूण करत गेले. सातही कारखान्यांची मांडणी आली. ९० रंगांतले ८८ आले. उरलेले दोन बहुधा कॉम्प्युटर बिघडला त्या आठवड्यातले, ते डाइंगच्या शेडकार्डावरून उद्या जुळवेन.

दुपारी नमुना उतरला. घरी आणून नान्नांच्या हातात दिला. त्यांनी काठावरून अंगठा एकदा उलटा, एकदा सुलटा फिरवला आणि म्हणाले, "ही चौकड्याची. पण खालच्या कडेला एक पिक जास्त पडतोय." (पिक म्हणजे आडवा धागा.) मी भिंग लावून बघितलं. खरंच पडत होता. नान्नांनी सांगितलं तसं आता "काठ चौकडा" मध्ये दुरुस्ती करतेय. डी ड्राइव्हवरच्या प्रतीत.

दोन_जीबी_रॅम दादा, तुमचेही आभार, तुम्ही पहिल्यांदा उत्तर दिलंत. जमा_नावे यांना: टॅलीत मार्चपासूनचे सगळे व्हाउचर जुळले.

हार्डडिस्कवरचं विंडोज डॉट ओल्ड पुसणार नाही. तिच्यावर कागद चिकटवून तारीख घातलीय आणि नान्नांच्या ग्राफच्या वह्यांशेजारी कपाटात ठेवलीय.